‘द लास्ट बेअर’ : घ्यावं, आणि मुलाशेजारी बसून वाचावं

आठ ते बारा वर्षांच्या मुलासाठी हॅना गोल्ड यांचं ‘द लास्ट बेअर’ घ्यावं का? घ्यावं, आणि छापील प्रतच घ्यावी. फक्त मुलाच्या हातात देऊन मोकळं होऊ नये. या पुस्तकातलं दुःख फार हळुवार हाताने लिहिलेलं आहे, ते मूल पेलू शकतं. शेजारी बसायचं ते अस्वलामुळे. गोष्टीतलं अस्वल आणि बर्फावरचं खरं अस्वल यांच्यातलं अंतर गोष्ट स्वतःहून सांगत नाही. ते मोठ्यांनी सांगितलं नाही, तर मूल एक सुंदर गोष्ट आणि एक धोकादायक समजूत अशा दोन्ही गोष्टी घेऊन उठतं.

पुस्तक २०२१ साली हार्परकॉलिन्सने काढलं. आतली काळी-पांढरी चित्रं लेव्ही पिनफोल्ड यांची आहेत. २०२२ मध्ये त्याला ब्रिटनमधला वॉटरस्टोन्सचा बालसाहित्य पुरस्कार आणि ब्लू पीटर पुरस्कार, दोन्ही मिळाले.

गोष्ट अशी. एप्रिल वुड अकरा वर्षांची आहे. आई ती लहान असतानाच गेली. वडील शास्त्रज्ञ. आर्क्टिकमधल्या बेअर आयलंड या बेटावर सहा महिने राहून हवामानाच्या नोंदी घ्यायचं काम त्यांना मिळतं आणि एप्रिल त्यांच्याबरोबर जाते. बेटावर दोघंच. इथे आता अस्वलं उरलेली नाहीत, असं बाबा सांगतात. आणि उन्हाळ्यातल्या मावळायचं नाव न घेणाऱ्या उजेडात एके रात्री तिला एक अस्वल दिसतं. उपाशी, एकटं, पंज्याभोवती प्लास्टिक करकचलेलं. समुद्र पुन्हा गोठलाच नाही म्हणून ते बेटावर अडकून पडलेलं आहे. त्याला त्याच्या जातभाईंत, उत्तरेकडच्या स्वालबार्ड या नॉर्वेच्या द्वीपसमूहावर पोचवायचं असं एप्रिल ठरवते. पुढचं इथे सांगत नाही.

आईच्या मृत्यूचं वर्णन इथे पानंच्या पानं नाही. आईचं नसणं दिसतं ते बाबांच्या वागण्यातून. माणूस वाईट नाही, पोरीवर त्याचा जीव आहे, पण तो कामाच्या मागे जाऊन बसला आहे. बेटावर गेल्यावर तरी बाबा आपल्या वाट्याला येतील अशी एप्रिलची आशा असते, आणि बाबा तिथेही मोजमापांत बुडतात. ती स्वतःचं स्वतः करायला शिकते, वेळ कसा घालवायचा ते शिकते, तक्रार करत नाही. वाचताना पोटात तुटतं ते या तक्रार न करण्यामुळे. आपल्याकडे घरात कुणी गेलं की दहावं, तेरावं, येणारी-जाणारी माणसं यांत मुलं कुठेतरी बाजूला पडतात. चौदाव्या दिवसापासून त्या माणसाचं नावच घरात निघेनासं होतं. मुलाला कळतं की हे नाव काढलं की मोठ्यांचे चेहरे बदलतात, म्हणून तेही गप्प बसतं. मोठ्यांना वाटतं, पोर सावरलं. या पुस्तकाने नेमकी ती चौदाव्या दिवसानंतरची शांतता पकडली आहे. मराठीत मुलांसाठी त्याबद्दल फार कमी लिहिलं जातं, आणि हे पुस्तक घ्यायचं पहिलं कारण तेच.

दुसरं कारण डरकाळी. एप्रिल अस्वलासारखी डरकाळी फोडायला शिकते. पहिल्यांदा बारीक, घशातल्या घशात, नंतर मोठी. धैर्य म्हणजे काय हे लेखिकेने भाषणातून न सांगता या एका आवाजातून दाखवलं आहे. एप्रिल घाबरत नाही असं नाही, ती घाबरूनच सगळं करते. मोठ्याने वाचत असाल तर ही जागा आली की थांबा आणि मुलालाही डरकाळी फोडू द्या. शेजारच्यांना आधी सांगून ठेवा. गप्प मुलं इथे हमखास मोकळी होतात, कारण त्यांना बोलायचं नसतं, फक्त आवाज काढायचा असतो.

आता वाचायचं कसं. पुस्तक सुमारे ३०० पानांचं, प्रकरणं आटोपशीर, अक्षर बऱ्यापैकी मोठं. रोज २० मिनिटं मोठ्याने वाचलं तर तीन ते चार आठवडे लागतात. पहिली काही प्रकरणं संथ आहेत, अस्वल यायला वेळ लागतो. नऊ वर्षांखालचं मूल इथेच कंटाळतं, तेव्हा सुरुवातीचे दोन-तीन दिवस थोडं जास्त वाचून त्याला अस्वलापर्यंत नेऊन पोचवा. उत्तरार्धात समुद्रावरची प्रकरणं आहेत. ती झोपायच्या वेळी अजिबात काढू नका. मध्येच पुस्तक मिटलं तर मूल तळमळत पडतं. रविवारची दुपार मोकळी ठेवा आणि तो भाग एका बैठकीत संपवा.

मराठी माध्यमातल्या मुलाला वाचता वाचता मराठीत सांगायचं असेल, तर एक जागा सांभाळा. एप्रिल त्या अस्वलाला ‘बेअर’ म्हणते आणि तेच त्याचं नाव होतं. इंग्रजीत हा फरक नुसत्या मोठ्या अक्षराने दाखवला आहे. आपण प्रत्येक वेळी ‘अस्वल’ म्हणत राहिलो तर तो हरवतो. मराठीकडे मात्र इंग्रजीहून चांगला उपाय आहे. अस्वल हा शब्द नपुंसकलिंगी. ते अस्वल आलं, ते बसलं. तेव्हा ओळख होईपर्यंत ‘ते’ म्हणा, आणि एप्रिलने नाव दिलं की त्या वाक्यापासून ‘तो’ म्हणा. बेअर आला, बेअर बसला, बेअरने तिच्याकडे पाहिलं. काही समजावून सांगावं लागत नाही. प्राण्याचा सोबती झाला हे मुलाच्या कानाला कळतं.

दुसरी अडचण खुद्द अस्वलाची. आपल्या मुलांच्या डोक्यातलं अस्वल काळं, झिपरं, वारुळं उकरणारं, मोहाची फुलं आणि मध खाणारं. ताडोबा-मेळघाटातलं. ते मिश्राहारी आहे, ध्रुवीय अस्वल जवळजवळ पूर्णपणे सीलवर जगतं. हा फरक पहिल्याच दिवशी सांगितला नाही, तर अर्ध्या पुस्तकात प्रश्न येतो, ‘मग ते पाला का नाही खात?’ आणि प्रश्न बरोबरच असतो.

त्याहून मोठा गोंधळ बर्फाचा. सगळी गोष्ट समुद्रावरच्या बर्फावर उभी आहे, आणि मराठीत आपण हिमनदी, हिमनग आणि गोठलेला समुद्र या तिन्हींना नुसतं ‘बर्फ’ म्हणतो. हिमनदी जमिनीवर साठलेल्या हिमाची, गोड्या पाण्याची. तिचा तुटून समुद्रात पडलेला तुकडा म्हणजे हिमनग. आणि समुद्रबर्फ म्हणजे थंडीत खारं पाणीच वरून गोठून झालेला थर. ध्रुवीय अस्वलाला तिसरा बर्फ लागतो. सील श्वास घ्यायला या थरातल्या भोकांपाशी वर येतात आणि अस्वल भोकाशी तासन् तास दबा धरून बसतं. मोकळ्या पाण्यात सील त्याच्या सहसा हाती लागत नाही. बर्फ गेला म्हणजे अस्वलाच्या पायाखालची जमीन गेली आणि ताटही गेलं. हे पक्कं कळलं की गोष्टीतलं अस्वल उपाशी का आहे ते मुलाला आपोआप कळतं.

घरच्या घरी दाखवायचं असेल तर दोन वाट्यांत प्रत्येकी २०० मिलिलिटर पाणी घ्या. एका वाटीत ७ ग्रॅम मीठ विरघळवा. स्वयंपाकाच्या छोट्या चमच्याने सपाट सव्वा चमचा. समुद्राचा खारेपणा साधारण एवढाच, लिटरला ३५ ग्रॅम. दोन्ही वाट्या फ्रीझरमध्ये ठेवा आणि दर अर्ध्या तासाने बघा. साधं पाणी आधी धरतं, खारं मागे राहतं, कारण समुद्राचं पाणी उणे १.८ अंशांच्या आसपास गोठतं. खाऱ्या वाटीवर पापुद्रा धरला की तो काढा, गार पाण्याखाली क्षणभर धरून धुवा आणि चाखा. खालच्या पाण्यापेक्षा तो कमी खारट लागतो, कारण गोठताना मीठ बाहेर ढकललं जातं. इथे दोन चुका होतात. वाटी रात्रभर विसरली तर सगळंच पाणी गोठतं आणि फरक कळत नाही. पापुद्रा न धुता चाखला तर वर चिकटलेलं मीठच जिभेला लागतं.

याच बैठकीत आणखी एक प्रश्न येणार. अस्वलाला पोहता येतं ना, मग ते पोहत का जात नाही? पोहतं, आणि भयंकर पोहतं. २००८ साली अलास्काच्या उत्तरेकडच्या ब्यूफोर्ट समुद्रात, गळ्यात कॉलर असलेली एक मादी नऊ दिवस सलग ६८७ किलोमीटर पोहल्याची नोंद आहे. पण त्या सगळ्या प्रवासात तिचं २२ टक्के वजन उतरलं आणि तिच्याबरोबरचं पिल्लू वाचलं नाही. बेअर आयलंडपासून स्वालबार्डचं सर्वांत मोठं बेट स्पिट्सबर्गन सव्वादोनशे किलोमीटरच्या वर आहे. धडधाकट, खाल्ल्यापिल्ल्या अस्वलाला हे अंतर जमू शकेल. उपाशी, पंजा दुखावलेल्या अस्वलाला कठीण. इतकं उत्तर पुरतं, आणि ते गोष्टीच्या आड येत नाही.

आता पुस्तकाची खरी दुखती जागा. एप्रिल अस्वलाला पीनट बटर लावून बिस्किटं खाऊ घालते. अस्वल माणसाळतं, जवळ येतं, ती त्याला कवेत घेते. गोष्ट म्हणून हे फार सुंदर आहे. लेव्ही पिनफोल्ड यांची चित्रं तर पुन्हा पुन्हा उघडून बघावीत अशी. पेन्सिलीच्या करड्या छटांत धुकं, समुद्र आणि केसांचा तो प्रचंड ढीग, त्यापुढे एवढीशी एप्रिल. फोनच्या पडद्यावर हा आकारच मरतो, छापील प्रत घ्या असं म्हणण्याचं कारण हेच. पण मुलाला सांगायलाच हवं की खऱ्या जगात या वागण्याचा शेवट कित्येकदा अस्वल गोळी खाऊन मरण्यात होतो. माणूस दिसला की खाणं मिळतं, असं एकदा डोक्यात बसलं की अस्वल वस्तीत शिरतं, आणि वस्तीत शिरलेल्या अस्वलाला शेवटी मारावं लागू शकतं. स्वालबार्डमध्ये अस्वलाला खाऊ घालणं, आमिष दाखवणं, त्याच्या मागे जाणं हा गुन्हा आहे. १ जानेवारी २०२५ पासून तिथे अस्वलापासून किमान ३०० मीटर लांब राहण्याची सक्ती आहे, आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर. ३०० मीटर म्हणजे क्रिकेटची दोन मैदानं एकापुढे एक ठेवली तरी पलीकडचं टोक.

हे सांगताना गोष्टीला खोटं पाडू नका. ‘असं काही नसतं’ म्हटलं की मूल पुस्तक मिटतं, आणि ते बरोबरच करतं. त्यापेक्षा मोजायला लावा. दप्तरातली ३० सेंटिमीटरची पट्टी काढा, जमिनीवर खडूने तेवढ्या रुंदीचा पंजा काढा. मोठ्या नराचा पंजा एवढा भरतो. त्यात मुलाला स्वतःचा तळवा ठेवू द्या. मग भिंतीवर ३ मीटरची खूण करायला सांगा. मोठा नर मागच्या पायांवर उभा राहिला की साधारण तिथवर पोचतो, बहुतेक घरांत खूण छताला लागते. जन्मतः पिल्लू मात्र अवघं ६०० ग्रॅमचं, अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीहून थोडंसं जड. मग बिस्किटांचा हिशोब करा. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार बर्फावर शिकार करणाऱ्या मादीला दिवसाला सुमारे १२,३०० किलोकॅलरी लागतात. एक किलो पीनट बटरमधून साधारण ६,००० मिळतात. म्हणजे रोज एकेक किलोच्या दोन बरण्या, आणि पोसायचं आहे मादीहून कितीतरी मोठ्या नराला. सहा महिन्यांच्या किती, हे मुलालाच काढू द्या. उत्तर आलं की ते स्वतःच म्हणतं, अस्वलाला बिस्किटं नकोत, बर्फ हवा. एप्रिलही शेवटी त्याला बिस्किटांवर न ठेवता घरी पोचवायलाच निघते, तेव्हा हा हिशोब गोष्टीच्या बाजूनेच जातो.

जुन्नर, आंबेगाव, शिरूर या उसाच्या पट्ट्यात, किंवा बिबट्याचा वावर असलेल्या कुठल्याही गावात हे पुस्तक वाचलं जात असेल, तर इथे आणखी अर्धा तास द्या. ऊसतोडीच्या दिवसांत फडात बिबट्याची पिल्लं सापडतात. मांजरीच्या पिल्लाएवढी, डोळे नुकते उघडलेली, एकटी. एप्रिल मनात ताजी असलेलं मूल पहिलं काय करेल, तर उचलून छातीशी धरेल. त्या पिल्लांना आईने टाकलेलं नसतं. ती जवळपासच असते, आणि माणसांची गर्दी हटेपर्यंत येऊ शकत नाही. म्हणून हात लावायचा नाही, फोटो काढत बसायचं नाही, आलो त्या वाटेने शांतपणे मागे फिरायचं, तोड थांबवायची आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचं. पिल्लं तपासून, संध्याकाळी जिथे सापडली तिथेच खोक्यात ठेवतात, बाजूला कॅमेरा लावतात. रात्री मादी येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. हे मुलाला नीट सांगितलं की त्याला कळतं, जनावराला त्याच्या घरी पोचवण्याचं काम आपल्याकडे असंच होतं, आणि त्यात आपला वाटा लांब उभं राहण्याचा असतो. लांब उभं राहायलाही धीर लागतो.

प्लास्टिकचा प्रसंगही असाच. एप्रिल धीराने अस्वलाच्या पंज्याभोवतीचं प्लास्टिक सोडवते. प्रश्न खरा आहे. स्वालबार्डच्या किनाऱ्यावर वाहत आलेल्या मासेमारीच्या जाळ्यांत रेनडिअरची शिंगं अडकतात. आपल्या किनाऱ्यावर तुटक्या जाळ्यांत ऑलिव्ह रिडले कासवं गुरफटून येतात, पावसाळ्यात जास्त. इथे लोक चांगल्या मनाने एक चूक करतात. जाळं कापतात आणि कासव लगेच समुद्रात ढकलतात. वल्ह्यासारखा पाय कापला गेलेलं, थकलेलं कासव बुडून मरतं, कारण त्यालाही श्वासासाठी वर यावं लागतं. त्याला सावलीत ठेवायचं, पाठीवर ओलं फडकं टाकायचं, नाकपुड्या मोकळ्या ठेवायच्या आणि वनविभागाला बोलवायचं. डहाणूला अशा कासवांसाठी उपचार केंद्र आहे.

बेटाची थोडी खरी माहिती आधी वाचून ठेवली तर गोष्ट रंगते. बेअर आयलंड खरंच आहे. नॉर्वेजियनमध्ये ब्यॉर्नोया, नॉर्वेच्या मुख्य भूमीचं टोक आणि स्पिट्सबर्गन यांच्या मध्ये, क्षेत्रफळ सुमारे १७८ चौरस किलोमीटर. १५९६ साली विलेम बारेंट्स आणि त्याचे डच सोबती तिथे पोचले, त्यांनी एक पांढरं अस्वल मारलं आणि त्यावरून बेटाला नाव दिलं. अस्वलाच्या नावाचं बेट आणि त्यावर अस्वल नाही, ही पुस्तकाची कल्पना या इतिहासात मुरलेली आहे. उत्तर किनाऱ्यावर हवामान केंद्र आहे, पण पुस्तकातल्यासारखे तिथे बापलेक एकटे नसतात. नऊएक जणांचा चमू असतो. हिवाळ्यात समुद्रबर्फ तिथवर आला तरच अस्वल येऊ शकतं, आणि आता तो क्वचितच येतो. १९७९ नंतर आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापलं आहे. जगात ध्रुवीय अस्वलं साधारण २६,००० असल्याचा अंदाज आहे. आंतरराष्ट्रीय यादीत ती ‘असुरक्षित’ या वर्गात येतात. तेव्हा शीर्षकातलं ‘शेवटचं’ त्या बेटापुरतं आहे, जगातलं शेवटचं नव्हे. मुलं हे विचारतात, आणि खरं उत्तर ऐकून त्यांना हायसं वाटतं.

एप्रिलचे बाबा करतात तसल्या नोंदी करणारी माणसं आपल्याकडेही आहेत. स्वालबार्डवरच्या नी-ओलेसुंड इथे भारताचं ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र २००८ पासून आहे, आणि डिसेंबर २०२३ पासून तिथे हिवाळ्याच्या काळोखातही काम चालतं. ते चालवणारी संस्था गोव्यात, वास्कोला आहे. मुलाला नोंदवही घालून द्यायची असेल तर साधा थर्मामीटर पुरे. तो जमिनीपासून दीड मीटरवर, सावलीत, हवा खेळेल अशा जागी टांगा आणि महिनाभर रोज सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाचला आकडा लिहू द्या. आपलं हवामान खातंही या दोन वेळी नोंद घेतं. आकडे बिघडतात ते बहुतेक उन्हाने तापलेल्या भिंतीमुळे किंवा एसीच्या बाहेरच्या यंत्राच्या गरम झोतामुळे.

जिच्या किंवा ज्याच्या घरात नुकतंच कुणी गेलं आहे अशा मुलासाठी पुस्तक घेत असाल, तर आधी स्वतः पूर्ण वाचा. मग ते घरात सहज दिसेल असं ठेवा, ‘हे वाच, तुला बरं वाटेल’ असं म्हणू नका. मूल स्वतः उचलेल तेव्हा वाचायला बसा. वाचताना ‘तुलाही आईची आठवण येते का?’ असा थेट प्रश्न नको. प्रश्न एप्रिलबद्दल विचारा. एप्रिलचे बाबा बोलत का नसतील? ती त्यांना सांगत का नाही? बेअरला सगळं सांगते आणि बाबांना नाही, असं का? मूल एप्रिलच्या आडून स्वतःचं सांगतं, आणि सांगू लागलं की मध्ये बोलायचं नाही. वाचणारा मोठा माणूसही त्याच दुःखात असेल तर एखाद्या पानावर आवाज अडखळेल. अडखळू द्या. बाबा गप्प राहिल्याने एप्रिल एकटी पडली, तेच मुलाने पानावर वाचलेलं असतं. झोप, जेवण, शाळा कित्येक आठवडे विस्कटलेलीच राहिली असेल, तर पुस्तकावर भिस्त ठेवू नका, समुपदेशक गाठा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्री-अपरात्रीही चालू असतो.

उणं काय, तेही सांगायला हवं. बाबा इतके दिवस इतके बेखबर राहतात हे काही ठिकाणी पटत नाही. दूरच्या बेटावर अकरा वर्षांची पोर तासन् तास कुठे असते हे कुठलाही बाप विचारेल, कितीही दुखावलेला असला तरी. जहाजाच्या कप्तानाचा मुलगा तोर हे पात्र छान उभं राहतं, पण त्याच्या वाट्याला पानं कमी येतात. आणि हवामान बदलावर मोठी माणसं बोलू लागली की संवाद पाठ्यपुस्तकाकडे झुकतात. बारा वर्षांचं चाणाक्ष मूल ही पानं उलटून पुढे जाईल, जाऊ द्या. एप्रिल आणि बेअर दोघंच असतात ती प्रकरणं मात्र एकही शब्द न गाळता वाचावीत. त्यांत बोलणं जवळजवळ नाही, आणि गोल्ड यांची सगळी ताकद तिथे आहे.

पुढचा भाग ‘फाइंडिंग बेअर’ २०२३ मध्ये आला, तो स्वालबार्डवर घडतो. दोन्ही पुस्तकं एकदम घेऊ नका. दुसऱ्याच्या पाठीवरच्या मजकुरातच पहिल्याचा शेवट फुटतो. घेतलीच, तर दुसऱ्याला वह्यांना घालतो तसं खाकी कव्हर घाला आणि पहिलं पुरं होईपर्यंत ते कपाटात वर ठेवा.